एक्सवर मारलेली काट

देवरूखला एसटीत बसले तेव्हा आईने फोनवर बजावलं, "आज तरी तोंड सांभाळ गो!" बरोबरच होतं तिचं. बीएड होऊन चार वर्षं झाली होती आणि आधीच्या दोन मुलाखती मी माझ्या फटकळपणानेच घालवल्या होत्या. ही नोकरी तासिका तत्त्वावरची, पण मला हवीच होती.

मुलाखत म्हणून शाळेत नववीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता, बैजिक अपूर्णांकांना सरळ रूप देण्याचा. मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष बसले. मुंबईत कारकुनी करून गावी परतलेले. गणिताची जागा रिकामी म्हणून दोन महिने तेच हौसेने तास घेत होते. त्यांनी एका मुलीला फळ्यावर पाठवलं. "मी शिकवलेलं दाखव बाईंना."

वर एक्स अधिक सहा, खाली एक्स अधिक दोन. तिने दोन्ही एक्सवर फटाफट काट मारली, सहाला दोनने भागलं आणि लिहिलं, तीन.

"शाब्बास!" अध्यक्ष म्हणाले. "बरोबर ना, बाई?"

अरे देवा! नुसती मान डोलावली की काम झालं असतं. दाराशी उभे असलेले मुख्याध्यापकही डोळ्यांनी तेच सांगत होते. पण पुढच्या वर्षी ही पोर बोर्डाच्या पेपरात हीच काट मारणार. छे, मला राहवेना.

"नाही, सर." मी म्हणाले. "मध्ये अधिकचं चिन्ह आहे. गुणाकार असता तर काट चालली असती. एक्सच्या जागी दोन ठेवून बघ गं."

तिने ठेवले. वर आठ, खाली चार. उत्तर दोन.

अध्यक्ष उठून फळ्यापाशी आले. खडू घेऊन त्यांनी एक्सच्या जागी चार ठेवले, मग एक. तीन काही येईना. किती वेळ पाठमोरे उभे होते! गेली नोकरी, मी मनात म्हटलं. स्वतःचाच संताप आला मला.

मग ते वर्गाकडे वळले. "पोरांनो, मी चुकीचं शिकवलं तुम्हाला."

व्हरांड्यात येऊन मला म्हणाले, "सोमवारपासून या." मी आभार मानणार, तोच पुढे बोलले, "तुमच्या आधी तिघे येऊन गेले. तिघांनाही हेच उदाहरण दाखवलं. तिघेही छान म्हणाले. त्यांना येत नसेल?"

"येत असणार, सर."

"मग मला कोणी सांगितलं कसं नाही?"

त्यांचे डोळे भरले होते. मीसुद्धा मान डोलावणारच होते, हे कुठल्या तोंडाने सांगू?