सोवळ्याचं घंगाळ

आमच्या मामेसासूबाईंइतके घासलेले हात मी उभ्या रत्नागिरीत दुसरे पाहिले नाहीत. राख आणि नारळाचं सोडण घेऊन त्या हात घासायला बसल्या की आता बोटं सुटून येतात की काय, असं वाटे. सगळे त्यांना मामी म्हणत. विधवा बाई, पोटासाठी खाणावळ चालवायच्या. कोर्टातले कारकून आणि एक तरुण मास्तर जेवायला असत. लग्न होऊन आले तशी मीही त्यांच्या हाताखाली वाढायला लागले. पंगतीआधी आम्हाला ओळीत उभं करून त्या आमचे हात उलटेसुलटे पाहत, वाससुद्धा घेत. एकदा आचाऱ्याने फोडणी देताना मान खाजवली, तर मामींनी आमटीचं अख्खं पातेलं परसात माडाच्या बुंध्याशी ओतलं. "मेल्या, तुझ्या मानेचा घाम खायला येतात का रे लोक?" एक कारकून भुकेने कळवळून म्हणाले, "मामी, माड जेवला. आम्ही काय खायचं?" "ताक प्या नि गप बसा! माड निदान पावसात आंघोळ तरी करतो."

हात घासून झाले की शेवटी स्वयंपाकघराच्या दारातल्या तांब्याच्या घंगाळात बोटं बुडवायची, हा त्यांचा नेम. ते पाणी मामी पहाटे ओलेत्याने विहिरीवरून आणत. सोवळ्याचं पाणी, म्हणून ते दिवसभर बदलायचं नाही. दुपारपर्यंत त्यावर तवंग यायचा. मला तो रोज दिसे. पण मी मान खाली घालून वावरणारी, मामींना काय सांगणार?

त्या वर्षी गावात पटकी आली. आचाऱ्याचं पोट दोन दिवस बिघडलं होतं, तरी तो कामावर येत होता आणि त्याच घंगाळात बोटं बुडवत होता. मग मास्तर आडवे झाले आणि दुसऱ्या दिवशी गेले. दवाखान्यातले डॉक्टर घर पाहायला आले, तेव्हा मामींनी आपले हात पुढे केले. डॉक्टरांनी हात पाहिलेच नाहीत.

"हे पाणी कधीचं, बाई?"

"पहाटेचं. सोवळ्याचं आहे."

"आणि सगळे यातच हात बुडवतात?"

मामींनी पुढे केलेले हात पदराखाली घेतले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या पानात काही वाढलं नाही. दारात बसून आमच्या हातांवर तांब्याने उकळलेल्या पाण्याची धार धरत. माझ्या मुलाच्या बारशालाही हात पाठीमागे धरून त्याला लांबूनच पाहिलं. हात घासणं मात्र वाढत गेलं, रक्त येईपर्यंत.

शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होते. म्हणाल्या, "अगो, तुला तो तवंग दिसत होता ना?"

मला हो म्हणवलं नाही. मी त्यांचे हात हातात घेतले. तळव्यांवर एकही रेषा धड उरली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हात मागे ओढले नाहीत, आणि माझे हात धुतलेले आहेत की नाहीत हेही पाहिलं नाही.

दिसत होता, मामी. तेव्हा बोलले नाही, म्हणून आज लिहून ठेवते.