थंड इंजिनाची वाट

शेजारचा मुलगा सकाळी जुनी गाडी सुरू करतो आणि जळक्या ऑइलचा निळा धूर आमच्या खिडकीतून आत येतो. बायको खिडकी लावून घेते. मला मात्र श्रीरामपूरजवळचे आप्पा आठवतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचा राग जसाच्या तसा वर येतो.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. आप्पा उसाचे बागायतदार. त्यांच्याकडे दोन सीटांची लाल विलायती स्पोर्ट्स कार विकायला होती. इंजिन मूळचंच आहे आणि त्याचं सगळं काम नुकतंच करून घेतलंय, असं त्यांचं म्हणणं. ते काम खरं की खोटं, हे थंड इंजिन सुरू करताना निघणाऱ्या धुरावरूनच कळतं. तापल्यावर सगळीच इंजिनं गोड बोलतात. म्हणून मी मुद्दाम कळवलं होतं, मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका.

एसटीतून उतरलो, तर आप्पा तीच गाडी घेऊन समोर उभे. म्हणाले, "पाव्हन्यानं उन्हात चालत यायचं व्हय?"

बॉनेट तव्यासारखं तापलेलं. ते निवेपर्यंत जेवून घ्या म्हणाले. जेवण झालं, तर गाडी माझ्यासाठीच विड्याची पानं आणायला गेलेली. मग सरबताला बर्फ आणायला. संध्याकाळी तिच्यातूनच त्यांनी मला स्टँडवर सोडलं. "घाई न्हाई. गाडी तुमचीच हाय."

मी ती घेतली नाही. तो पाहुणचार होता की हुशारी, हे मला अजून ठरवता येत नाही. नुसती हुशारी असती, तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.