हाडं काढलेलं मटण

मी एका मांजराला लुळं केलं. उपाशी ठेवून नव्हे, काठीने मारून नव्हे. चांगलं, कोवळं, बिनहाडाचं मटण हळदीच्या पाण्यात धुऊन रोज ताटलीत समोर ठेवलं, आणि लुळं केलं. असा पराक्रम करायला नुसती अक्कल कमी असून भागत नाही. जोडीला स्वच्छतेचा गर्व लागतो. तो माझ्याकडे पोत्याने होता.

परवा नात विचारत होती, मांजराला घरीच कच्चं मांस द्यायचं तर कुठलं निवडावं. विचारलं आईला, मी तिथेच मेथी निवडत बसले होते, पण जन्मात मांस न चाखलेल्या म्हातारीला यातलं काय कळणार. म्हटलं, इकडे ये बये. या विषयात मी दुसऱ्याचे पाय खर्च करून शिकले आहे.

साठ-बासष्टनंतरची ती वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि साताऱ्याकडची आम्ही नवराबायको जवळच्या कुंभवलीत येऊन पडलो. कौलारू चाळ, दोन-दोन खोल्यांची चार बिऱ्हाडं, मागे पडवी आणि पडवीमागे चिखल. आमच्या घराण्यात कुणी कधी मांस खाल्लं नव्हतं, आणि इथे तर सकाळी दार उघडलं की सुकटीचा वास आधी आत यायचा, मग उजेड. मी नाकाला पदर लावून पाणी भरायची. चाळीतल्या बाया बघायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. एवढं तोंड वाकडं करून वर, माझ्याशी कुणी बोलत नाही म्हणून मी रडायची.

बोलली ती एकटी शेजारीण. एडवणची, कोळ्याघरची, माझ्याच वयाची. नवरा बांधकामावर खडी टाकायला. ओल्या लाकडांशी झुंजताना माझे डोळे लाल झालेले बघून ती न विचारता आत आली, चुलीतली अर्धी लाकडं उपसून बाहेर फेकली आणि म्हणाली, "वयनी, चूल पेटवताय का मुडदा?" त्या गावात मला पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा. पुढे तीच माझं माणूस झाली. नवरे पाळीवर गेले की ती भिंतीवर दोनदा थाप मारायची, मी उलट मारायची, आणि दोघी पडवीत बसायचो. तिच्या हाताला माशाचा वास यायचा. मी जरा लांब बसायची. तिला ते कळत होतं, पण ती कधी बोलली नाही.

आषाढात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. तिच्याकडे एक पिल्लू होतं, काळंपांढरं, मुठीएवढं. त्याची आई खडीच्या ट्रकखाली गेलेली. नवरा सगळा दिवस कामावर, खायला मुकादमाच्या खानावळीत. पिल्लू कुणावर टाकणार? तिने ते माझ्या ओटीत घातलं.

"होड्या बंद हायत तवर ताजी मासली मिलायची नाय," ती म्हणाली. "खाटकाकडनं कोंबडीच्या माना न्‌ पाय आना, तशेच टाका. मग होड्या लागल्या का माशाची डोकी. न्‌ सोडा त्याला मोकला, फिरूं दे. बोका हाय, जावई नाय."

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "घरच्यासारखं सांभाळीन."

मला ते मनापासून करायचं होतं. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. ती बाळ घेऊन येईल तेव्हा पिल्लू धष्टपुष्ट करून तिच्या हातात द्यायचं, म्हणजे मी लांब बसले ते सगळं फिटेल, असा माझा हिशोब.

पण कोंबडीच्या माना आणि पाय? नखांसकट? माझ्या घरात? मी ठरवलं, खाटकाकडे जायचंच तर निदान बरं काहीतरी आणू. चुलीवर मांस चढवायचा प्रश्नच नव्हता. त्या चुलीवर देवाचा नैवेद्य व्हायचा. म्हणजे कच्चंच द्यायचं. आणि कच्चं द्यायचं तर ते निवडून, साफ करून. निवडायची कला मला एकच येत होती, भाजीची. वांगं कोवळं हवं, बी नको, देठ नको, शेंगेला शिरा नकोत. मी बकऱ्याला तोच कायदा लावला. हाड म्हणजे बी. चरबी म्हणजे साल. काळीज तर बघवायचंच नाही, ते थरथरतं.

बोईसरच्या बाजारात खाटीक एका फळीवर बसायचा. कामगार वाढल्यापासून रोज सकाळी बकरा आणि चार कोंबड्या कापायचा. मी छत्री चेहऱ्यावर ओढून उभी राहायची आणि मांडीचं, बिनहाडाचं, छटाकभर मागायची.

"भाभी, गर्दन ले जाओ, थोडी कलेजी डाल देता हूँ," तो म्हणायचा.

"नको. हड्डी बिलकुल नको."

"इतने में तो बिल्ली का पेट नहीं भरेगा."

मांजरासाठीच नेतेय हे सांगायची लाज वाटे. परिणाम असा, की घाटावरची सोवळी बाई नवऱ्याला चोरून मटण घालते, अशी बाजारभर वार्ता. खरी गंमत पुढे कळली. नवरा कामावरच्या कँटीनमध्ये सुरुवातीपासून मटण हाणत होता आणि घरी येऊन दुधीची भाजी गंभीरपणे चावत होता. म्हणजे आमच्या घरात उघडपणे मांस खाणारं एकटं ते पिल्लूच.

पडवीत मी वेगळी विळी ठेवली होती. मटणाचे बारीक तुकडे करायचे, हळदीच्या पाण्यात चोळायचे, पाणी लाल निघायचं थांबेपर्यंत धुवायचे. शेवटी ते तुकडे धुतलेल्या चिंधीसारखे पांढरे पडत. मग मला समाधान. दूध द्यायची सोय होती, चहापुरतं घेतलेल्यातून थोडं उरायचं. पण माहेरचे वैद्य सांगत, मांसावर दूध विरुद्ध. जन्मात मांस न खाल्लेल्या घरात हा नियम कुणासाठी होता, ते मी कधी विचारलं नाही. पिल्लाला मात्र तो लागू केला. बाहेरही सोडलं नाही. चिखलात पाय भरतील, उंदीर खाईल, घाण. खिडकीला जाळी, दाराला कडी.

ते खायचं मात्र आवडीने. वाढलंही. आधी घरभर उधळायचं, पडद्याला लोंबकळायचं, माझ्या वेणीवर झडप घालायचं. पुढे हळूहळू शांत झालं. पुढचे पाय जोडून एका जागी बसायला लागलं. उचललं की जरा कण्हायचं. मी म्हटलं, वळण लागलं. चाळीतल्या एकीला बोलावून दाखवलंसुद्धा, "बघा, आमच्या हाताखाली कसं शहाणं झालंय." तिने बघितलं आणि म्हणाली, "झोपलाय का काय यो?" मला वाटलं, जळते मेली.

मग एका सकाळी पिल्लू पत्र्याच्या ट्रंकेवरून खाली उतरायला गेलं. ट्रंक माझ्या गुडघ्याएवढी. खाली पडलं तेव्हा काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि मागचा एक पाय भलत्याच दिशेला वळला. ते ओरडलं नाही. नुसतं तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिलं.

टोपलीत घालून, वर भाजीचं फडकं टाकून मी पालघरची गाडी धरली. मधल्या उमरोळी स्टेशनापर्यंत कण्हणं ऐकू येत होतं, पुढे येईना. फडकं उचलून बघायची हिंमत झाली नाही. गुरांच्या दवाखान्यात बाहेर बैल, आत डॉक्टर. त्यांनी पिल्लाला टेबलावर ठेवून पाठीवरून बोट फिरवलं, तसं ते शहारलं.

"काय खायला घालता?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानेच, खोटं कशाला बोलू. मांडीचं, कोवळं, धुऊन.

"हाडं?"

"सगळी काढून."

"काळीज?"

"छे."

"दूध?"

"मांसावर विरुद्ध ना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, मांजर उंदीर धरतं तेव्हा तो सोलून, धुऊन, हाडं काढून खातं का?"

मी फडक्याची घडी घालू लागले.

"कच्चं घातलंत यात काही बिघडलं नाही. उरलेलं सगळं बिघडलं. नुसत्या मांसावर वाढत्या जिवाची हाडं बनत नाहीत. जो काय कस रक्तात होता, तोही धुऊन टाकलात. याची हाडं आतून पोकळ झाली आहेत. बांबूची नव्हे, कागदाची."

त्यांनी पायाला कामट्या बांधल्या, हाडांची पूड लिहून दिली, दूध सांगितलं. कोंबडीच्या माना कच्च्याच, हाडासकट कुटून. काळीज अगदी थोडं, कधीमधी, रोज नाही. म्हणजे जे मला एका गरोदर बाईने माझ्या दारात उभं राहून फुकट सांगितलं होतं, जवळजवळ तेच.

मग मी माना आणल्या. पडवीत पाटा टाकून त्या कुटल्या. कुटताना वांती आली, तोंड धुतलं आणि पुन्हा कुटल्या. पिल्लू जगलं, पाय जोडला गेला, पण वाकडाच. कंबर वळली ती वळलीच. ते चालायचं, म्हणजे मागचा भाग ओढत यायचं. उंच कशावरही पुन्हा चढलं नाही. मी भिंतीकडे बघायची आणि वाटायचं, थाप न येवो, अजून थोडे दिवस न येवो.

दिवाळी होऊन गेल्यावर ती आली. मुलगी झाली होती. थाप मारलीच नाही, सरळ पोरीला घेऊन दारात उभी, हसत. "कुठंय आमचा बोका?"

तिचा आवाज ऐकून पिल्लू ट्रंकेमागून निघालं आणि घसरत घसरत तिच्या पायाशी आलं. तिने पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि खाली बसली. त्याच्या कमरेवरून हात फिरवला, मागचे पाय एकेक करून ताणून पाहिले, कोळणी मासा दाबून बघतात तसे. मी बोलतच सुटले. पालघरचे डॉक्टर, कामट्या, पूड. "मी त्याला रोज मटण घातलं गं," म्हटलं, "मांडीचं. स्वतः धुऊन. तू म्हणालीस ते मला कसंतरीच वाटलं, म्हणून."

शेवटी मीच पिल्लू उचलून तिच्याकडे केलं. "ने आता. तुझाच आहे."

तिने ते माझ्या हातातून घेतलं, माझ्याच गोणपाटावर परत ठेवलं आणि पोरीला माझ्या मांडीवरून उचललं. उठताना माझ्याकडे बघून, अगदी सरळ आवाजात म्हणाली,

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, वयनी. आमच्या घरात उडी मारल्याबिगर खायाला मिलत नाय."