एकहाती

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत माझ्या नवऱ्याचा डावा हात कोपरापासून गेला. शेतीत भागत नाही म्हणून तो हंगामात सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला जायचा, तिथल्या मशीनमध्ये सापडला. मी पुसदच्या कारकुनाची मुलगी. बैलबंडी हाकायला मला त्यानेच त्यानंतर शिकवलं. उजवा कासरा त्याच्याकडे, डावा माझ्याकडे, असे आम्ही शेतात जायचो. गावाने थोडे दिवस टकामका पाहिलं, मग सोडून दिलं.

त्याचा एक शाळासोबती मास्तर होता, कथा लिहायचा. दिवाळी अंकात आलेली एक कथा त्याने आमच्या ओसरीवर शेजाऱ्यांना वाचून दाखवली. कथेतल्या माणसाला एकच हात असतो. तो कोणाची मदत घेत नाही. बिथरलेला बैल एकटा आवरतो, कापसाची बंडी एकटा बाजारात नेतो आणि बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसते. शेवटी सगळे म्हणतात, मर्द असावा तर असा.

शेजारी खूश झाले. एकाने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "तुहीच गोष्ट लिहिली ना गा मास्तरानं."

नवरा हसला नाही.

सकाळी महागावला कापूस न्यायचा होता. मी भरल्या बंडीवर चढायला गेले तर म्हणाला, "तू राह्य घरी. मी एकटाच नेतो."

"आणि नाल्याचा उतार?"

"मले समजत नाही का?"

मी बंडीमागून चालत निघाले. तो वळून पाहत नव्हता, पण मी येतेय हे त्याला माहीत होतं. सपाट रस्त्यावर काही झालं नाही. उताराला लागलो आणि समोरून ट्रक हॉर्न देत आला. डावा बैल बिचकून कडेला ओढू लागला. दोन्ही कासरे एकाच मुठीत. एकट्या डाव्या बैलाला आवरता येईना. चाक मुरमावर घसरलं, कापसाचा ढीग कलला. मी धावत पुढे गेले, पण बंडीला हात लावला नाही. न बोलावता चढले असते तर त्याने ते मला कधी विसरू दिलं नसतं. तो पाय रोवून मागे कलला होता, मानेच्या शिरा ताठ.

"ये वर," तो हळूच म्हणाला. "डावा कासरा धर."

मी चढून त्याच्या मुठीतून डावा कासरा सोडवून घेतला. बैल सरळ झाला. मग आम्ही बंडी उतारावरून खाली नेली.

बाजारातल्या रांगेत ओळखीच्या एकाने त्याला विचारलं, "काहून गा, बायकोले बंडी हाकाले लावतं?"

"लावतो ना," नवरा म्हणाला. "मले एकट्यानं जमत नाही."

तो माणूस कापसाच्या भावाबद्दल बोलू लागला. परतताना नवऱ्याने दोन्ही कासरे माझ्या हाती दिले आणि रिकाम्या बंडीत आडवा होऊन झोपून गेला.