सर्व्हरला शिवलेला हात

"हिला सर्व्हरला शिवू देऊ नका."

नोकरीचा पहिला दिवस. गिरगावातल्या सरकारी ऑफिसात सरांनी माझं आडनाव दोनदा वाचलं आणि हे बोलले. हसत बोलले, म्हणून सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्याची लाज आजही वाटते.

"हात लावू नको" म्हणाले असते तर समजून घेतलं असतं, नवीन होते मी. पण शिवू नको? हा शब्द आईने गावच्या विहिरीवर ऐकला होता. परळच्या चाळीत घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "गप ऱ्हव बाय. नोकरी टिकव." तीही घाबरली होती.

सहा महिन्यांनी मला कायम करायचं की काढायचं, ते सर ठरवणार. जिन्यात त्यांचे बूट वाजले की मी मान खाली घालायचे. माझं काम तक्ते भरायचं: कुठल्या मशिनवर कुठला वेब सर्व्हर, कुठली आवृत्ती. वाचत मात्र सगळं होते.

मग वेब सर्व्हरची नवी आवृत्ती आली. जुनी ठेवणं धोक्याचं होतं. लिनक्सवर तयार पॅकेज मिळालं, दोन कमांडमध्ये काम झालं. विंडोजवर नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. अडलं कोपऱ्यातल्या जुन्या युनिक्स मशिनवर. त्याच्यासाठी तयार काहीच मिळत नाही. सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून तिथेच कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशिनला चालेल असा बनवायचा. सर दोन दिवस बसले. कंपाइल करणारं मेक चालवलं की सगळं परत पहिल्यापासून.

मला कारण दिसत होतं. मशिनची बॅटरी गेलेली, घड्याळ काही वर्षं मागे. मेक फायलींच्या वेळा बघून चालतं. नवा सोर्स त्याला उद्याचा वाटायचा, म्हणून आत्ता केलेलं काम जुनंच ठरायचं.

"सर, घड्याळ मागे आहे." मी हळूच म्हणाले.

"तुला कोणी विचारलं? कोट्यातून आलीस ना, मग कोट्यात राहा."

या वेळी कोणी हसलं नाही.

सर जेवायला गेले. मी त्या मशिनसमोर जाऊन बसले. बिघडलं तर नोकरी गेली, एवढंच डोक्यात. घड्याळ बदलायला सरांचा पासवर्ड लागतो. पण सोर्सचा फोल्डर सगळ्यांना खुला होता. आणि फायलींवर मशिनची आत्ताची वेळ घालायला एक साधी कमांड आहे. तिचं नाव टच.

म्हणजे शिवणं.

टाइप करताना बोटं दोनदा चुकली. मग एकूणएक फायलीला शिवले. आधी कॉन्फिगर, म्हणजे मशिनची तपासणी. मग मेक. ओळी पुढे सरकत राहिल्या. या वेळी मागे गेल्या नाहीत.

सर परतले तेव्हा कंपाइल पूर्ण झालं होतं. त्यांनी स्क्रीन बघितली, मग माझे हात बघितले.

"ठीक आहे. रिपोर्टमध्ये माझं नाव टाक."

शेजारच्या टेबलावरची कुजबुजली, "टाक गं. कशाला वाद?"

मला रडू येत होतं.

"नाही सर. मी शिवले. तसंच लिहिणार."

लिहिलं. आडनावासकट. सर्व फायलींना शिवले, मग कंपाइल झाले.

कायम केल्याचं पत्र अजून आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. जिन्यात बूट वाजले की आजही भीती वाटते. वाटू दे. विचारून शिवणं संपलं.