पहिले तीन हेलकावे

गुरुवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी क्वांग लीचिंगनं चाचणी यंत्राच्या जबड्यात डॅम्पर आवळला. हातभर लांबीची नळी, आत तेलात कालवलेला लोखंडाचा बारीक भुगा. वेटोळ्यातून वीज सोडली की तेल क्षणात घट्ट होतं आणि दांड्याला अडवतं. यांग्त्झी नदीवरच्या पुलाच्या केबलना अशाच नळ्या बसवल्या आहेत. पाऊस-वारा एकत्र आले की केबल थरथरू लागतात, त्यांना आवरायला.

चांगशाच्या या प्रयोगशाळेत लीचिंगचं काम एकच: नळीचा जोर आधीच सांगणारं समीकरण बसवणं. दांडा जाताना एक वाट धरतो, परतताना दुसरी. पडद्यावर त्या दोन वाटांमध्ये एक फुगीर वेढा उमटतो. समीकरणाचा वेढा मोजलेल्या वेढ्यावर बसला की काम झालं. सुरुवातीचे हेलकावे मात्र कुणी नोंदवत नसे. त्यांचे वेढे नीट मिटत नाहीत, समीकरण बिघडवतात. आधी नळीनं अंग मोकळं करावं, मग मोजावं, ही इथली रीत. ती तिला प्रयोगशाळेचे प्रमुख यी सरांनी शिकवली आणि तिनं पुढच्यांना.

आज यंत्रावरच्या तंगनं नोंद पहिल्याच हेलकाव्यापासून लावली.

"तंगदादा, एवढी घाई?"

"नऊनंतर कँटीनमध्ये नूडल्सचा नुसता रस्सा उरतो, ताई. तुमचा वेढा काय पळून जातोय?"

पडद्यावरचा पहिला वेढा चिपाडासारखा सपाट होता. दुसरा तसाच. तिसरा जरा भरला. चौथ्यापासून नेहमीचा गुबगुबीत.

"वायर सैल असेल," तंग म्हणाला.

वायर सैल नव्हती. वीजही पुरी होती.

"ही नळी कुठं होती?"

"कोपऱ्यात उभी. वसंतोत्सवाच्या, नव्या वर्षाच्या सुट्टीआधीपासून. दोन महिने झाले."

म्हणजे भुगा तळाशी बसला होता आणि दांडा नुसत्या तेलात फिरला होता.

"पण सुधारली की लगेच," तंग म्हणाला.

"इथं यंत्र दणकून हलवतं. पुलावर सुरुवात बोटभर हलण्यानं होते. तेवढ्यानं गाळ ढवळत नाही."

यंदा पुलावर दोन महिने धड वारा नव्हता; तिथल्या नळ्यांतही भुगा असाच बसला असणार. तिथं रंगारी पाळण्यात बसून केबलवर चढतात. पूर्वी तिसऱ्या श्रेणीचा वारा सुटला की त्यांना उतरवत. लीचिंगच्या समीकरणावर विसंबून ती मर्यादा सहाव्या श्रेणीपर्यंत नेली होती.

यी सरांनी आलेख दोनदा पाहिला.

"पुन्हा करून दाखव."

"भुगा मिसळला, सर. बसायला दोन महिने लागतील."

"मग पुलावरची एक काढून आण."

"उतरवतानाच हलेल. इथं येईपर्यंत ठणठणीत."

सर चष्मा पुसत राहिले. "म्हणजे जे दाखवता येत नाही ते मी पुलाच्या कार्यालयाला कळवू? एका मोजणीवर नियम बदलत नाहीत, लीचिंग. विद्यार्थ्यांना हे तूच सांगतेस."

ती खरंच तसं सांगत असे. विषय सोमवारच्या बैठकीवर गेला. तिनं स्वतः पुलाच्या कार्यालयाला फोन केला. तिथल्या बाईंनी यी सरांच्या सहीचं पत्र मागितलं. मग तिनं रंगाऱ्यांच्या टोळीप्रमुखाला, चुलतभाऊ पाओरनला फोनवर गाठलं.

"उद्या वर जाऊ नका."

"कागद निघालाय?"

"नाही."

"मग वरच्यांना काय सांगू? बहिणीला स्वप्न पडलं?"

"निदान आधी केबल जोरात हलवून घ्या."

"दोनशे मीटरची केबल? मी हलवू?" मागे कुणीतरी हसलं. "ताई, तुझ्या नळ्या आल्यापासून पोरं तुझं नाव घेतात. वाऱ्यानं बसून राहणं संपलं म्हणतात. आता तूच माघार घेतेस?"

"कुठल्या केबलवर आहात?"

"नदीच्या मधल्या. सगळ्यात लांब." मग तो म्हणाला, "कागद आला तर लगेच उतरवतो. तेवढं कर."

कागद आला नाही. शुक्रवारचा अंदाज आहे सकाळी दहापासून रिमझिम आणि पाचव्या श्रेणीचा वारा. मर्यादा सहावीची आहे. पाळणा नेहमीप्रमाणे साडेसातला चढेल.