हर्रा

प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलेला माझा शब्द दोन हात मोठा झाला होता. हर्रा. अक्षर माझंच. र ला र जोडताना माझा हात नेहमी थरथरतो. ते थरथरणंसुद्धा मोठं होऊन सगळ्यांना दिसत होतं.

मध्य प्रदेशातल्या देवासच्या मंगल कार्यालयात सरांचा सत्कार चालला होता. सर म्हणजे समुद्राच्या रंगावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. उपग्रहाने वरून काढलेल्या चित्रांतून ते समुद्र वाचतात. त्यांचं गाव देवास. माझंही देवास.

पहिल्या रांगेतून त्यांच्या काकू म्हणाल्या, "अरे, हिरडा म्हणावं. हर्रा कसलं मेलं ते!"

सर हसले. माईक तोंडाशीच होता.

"काकू, ते मी नाही लिहिलं. आमच्या बाटल्या धुणारीने लिहिलंय. रंगाऱ्याची पोर, आठवी नापास. तिला मराठी कुठून यायचं!"

हॉल हसला. मीही हसले. सगळ्यांच्या आधी हसले की काय, अशी शंका येते. बाबा शेजारी बसले होते. ते हसले नाहीत.

मी नापास नव्हते. माझी शाळा सुटली होती. यात फरक आहे.

आम्ही रंगारी. मराठ्यांच्या दरबाराबरोबर महाराष्ट्रातून इकडे आलो, पागोटी रंगवायला. सरांचे वाडवडील त्याच दरबारात कारभारी. त्यांच्या घरी कापड पोचवायला आमचं माणूस गेलं की दारात उभं राहून आधी हात पुढे करायचे. ओला रंग नाही ना, ते घरातलं कुणी बघणार, मग आत. पागोटी गेली, पद्धतही गेली. पण त्या सकाळी बाबा बाग गावाहून निघाले, धारला बस बदलून देवासला आले, आणि हॉलच्या दारात काकूंना बघताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कुणी मागितले नव्हते. मला दिसलंच नाही असं मी दाखवलं.

आमचं रंगकाम बसलं तेव्हा बाबा बागला गेले, ठशांच्या छपाईच्या कारखान्यात कापड धुवायला. शाळा सोडून मीही गेले. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, कापड आपटायचं. पाणी कसं आहे त्यावर लाल कसा उठणार ते ठरतं. एकदा सर पाहुण्यांना छपाई दाखवायला आले होते. मी बाबांना म्हणत होते, "आज पानी जड आहे. लाल काळवंडेल." दुपारी लाल काळवंडला.

सरांनी विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"दिसलं."

त्या एका शब्दावर त्यांनी मला कोकणात नेलं. एका खाडीच्या तोंडाशी त्यांचं काम चालतं. मला खोली दिली, नोकरी दिली. त्यांचे उपकार आहेत, खोटं कशाला लिहू. रोज उठल्यावर पहिला विचार हाच यायचा, की आज काही चुकलं तर घरी पाठवतील. म्हणून सगळ्याला हो म्हणायचं. उलटी येत असली तरी होडीवर हो. ताप असला तरी हो.

काम असं. होडी ठरलेल्या जागी थांबवायची. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. रंगीत काचनळ्यांची पट्टी पाण्याशेजारी धरून नंबर लिहायचा. बाटलीत पाणी घ्यायचं, ते गोल पांढऱ्या कागदातून गाळायचं. त्याच वेळी वरून उपग्रह जातो. त्याला काय दिसलं आणि आम्हाला काय दिसलं, ते सर जुळवतात. समुद्रात डोळ्यांना न दिसणारी बारीक वनस्पती असते, ती वाढली की पाणी हिरवट होतं, तिथे मासे येतात. हे सगळं सरांनीच मला शिकवलं. चांगलं शिकवलं.

वहीत नंबरापुढे मी आमचा शब्दही लिहायची. अंगूरी. मूंगिया. तोतई. कापडावरच्या हिरव्याच्या छटांना आजोबा म्हणायचे ते. सर म्हणायचे, "शब्द नको, नंबर लिही." मी हो म्हणायची आणि दोन्ही लिहायची. तेवढी एकच गोष्ट मी ऐकली नाही.

पावसाळ्यानंतर उपग्रह सांगायचा की खाडीच्या तोंडाशी हिरवा फार आहे. सर खूश. पण आमच्या कागदावर काही उरायचंच नाही. पाणी हिरवं आणि गाळलेला कागद जवळजवळ पांढरा. सर म्हणाले, "तुझं गाळणं चुकतंय." मी पुन्हा गाळलं. आठवडाभर पुन्हा पुन्हा गाळलं. चूक माझी असणार, असंच मलाही वाटत होतं.

मग एक दिवस गाळून खाली आलेलं पाणी उजेडात धरलं. पिवळसर. ओळखीचं पिवळं. कापड छापायच्या आधी हर्र्याच्या पाण्यात बुडवतात, तेच. आणि आजोबा निळीतून काढलेलं कापड हर्र्यात घालून हिरवं करायचे, ते आठवलं. मी वहीत हर्रा लिहिलं आणि होडीवरूनच सरांना फोन लावला.

"सर, हा हिरवा उगवलेला नाही. मिसळलेला आहे. समुद्राची नीळ आणि नदीचा हर्रा. जंगलातला पालापाचोळा कुजून पाणी पिवळं होतं, ते कागदातून निघून जातं. उपग्रह फसतोय."

त्यांनी कुठली जागा, कुठली तारीख ते विचारलं. मग म्हणाले, "वही घेऊन ये."

मोठ्या शास्त्रज्ञांना ही फसगत आधीच ठाऊक होती म्हणे. पण आमच्या खाडीत ती कधी होते, कुठवर होते, हे कुणी पाहिलं नव्हतं. ते माझ्या वहीत होतं, रोजच्या रोज, शब्दांसकट. सरांनी त्यातून हिशेब बसवला, लेख लिहिला. सत्काराला म्हणाले, "बाबांनाही बोलव. तुझंही कौतुक होईल." मी बाबांना नवीन सदरा घेतला.

आणि त्या हॉलमध्ये सर म्हणाले, "लहानपणी आमच्या दारी रंगारी यायचे. त्यांचं ते हिरड्याचं पाणी मला खाडीत आठवलं, आणि कोडं सुटलं. हे बघा, माझ्या वहीतलं पान."

टाळ्या. मग पान भिंतीवर आलं, मग काकूंनी चूक काढली.

शब्द बरोबर होता तोवर वही त्यांची होती. चुकला, तेव्हा माझी झाली.

बाबा हळूच म्हणाले, "तू क्यूं हसली, बेटा?"

मी त्यांच्या नव्या सदऱ्याची घडी सारखी केली.

चहाच्या वेळी सर आमच्याकडे आले. "मनावर घेऊ नकोस गं. तेवढीच जरा रंगत आली. आणि हो, ती वही स्वच्छ उतरवून दे. नंबर ठेव, शब्द गाळ. पुढे पाठवायचीय."

तेवढ्यात काकू चहाचा कप घेऊन आल्या. बाबांचे हात पुन्हा पुढे आले, तळवे वर, कप घ्यायला नाही, दाखवायला. मी ते धरून खाली केले. मग कप घेऊन त्यांच्या हातात दिला.

"शब्द नाही गाळणार, सर. आणि वहीवर लिहिणारीचं नाव राहील. लेखातही."

वही माझ्या पिशवीत होती; पिशवी मी काखेत धरली.

सर हसायचे थांबले. "तुला बागच्या नदीतून उचलून आणलं मी."

"हो सर, आणलंत. डोळे मात्र मी घरून आणले होते."

काकू म्हणाल्या, "अगंबाई!" सर वळून निघून गेले. एक ओळखीचा पोरगा कानाशी म्हणाला, "अरे बाई, नौकरी गई समझो." असेल. मला भीती वाटत होती, आताही वाटते आहे.

बसस्टँडवर बाबांना धारच्या बसमध्ये बसवलं आणि बाकावर वही उघडली. पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं. खाली बाबांचं, त्याखाली आजोबांचं. रंगारी, देवास. मग भिंतीवर दिसलेलं ते पान उघडलं आणि शाईचं पेन हर्र्याशी नेलं. हिरडा करता आलं असतं. नाही केलं.

सोमवारी मी खाडीवर जाणार आहे. होडीवर घेतलं तर होडीवरून लिहीन, नाही घेतलं तर काठावर उभी राहून लिहीन. वही मागितली तर पूर्ण मिळेल, नावासकट. तुकडा मिळणार नाही.

आणि हर्राच लिहीन.